ट्विनमध्ये अचूक, पॅलेटवर तिरके: कोबॉटचा माझा अनुभव
चाकणच्या आमच्या कारखान्यात कोबॉटने (माणसांसोबत काम करणाऱ्या यंत्रहाताने) पॅलेटवर (माल रचायच्या फळीवर) रचलेला खोक्यांचा थर डिजिटल ट्विनमध्ये (संगणकातील प्रतिकृतीत) बिनचूक दिसे, परंतु प्रत्यक्षात पहिल्या कोपऱ्यापासून दूर जावे तशी खोकी सरकत आणि १२०० मिमीच्या टोकाला सुमारे २१ मिमी फरक पडे. वेग कमी केला, खोकी धरणारे व्हॅक्यूम कप बदलले, पण उपयोग झाला नाही. आठवडा वाया गेल्याचा मनस्ताप मोठा होता. अंतरासोबत वाढणारी चूक म्हणजे बहुधा फिरलेली पॅलेट-फ्रेम (पॅलेट कुठे व कोणत्या दिशेला आहे हे कोबॉटला सांगणारे अक्ष), इथे १ अंशाने. प्रथम ग्रिपरवर (कोबॉटच्या खोकी उचलणाऱ्या पंजावर) टोकदार पिन बसवून, चार निरनिराळ्या दिशांनी एकाच बिंदूला टेकवून तिचा टीसीपी, म्हणजे टूल सेंटर पॉइंट किंवा हत्याराच्या टोकाचे नेमके स्थान, निश्चित केला (तो चुकल्यास पुढचे सर्वच चुकते). मग स्टॉपरला टेकवलेल्या पॅलेटचा कोपरा, लांब बाजूचे टोक, आखूड बाजूचे टोक याच क्रमाने शिकवले, मिळालेली फ्रेम ट्विनमध्ये भरली, ग्रिपरचा टीसीपी पुन्हा निवडला आणि रिकाम्या पॅलेटवर संथ चाचणी घेतली. थर सरळ बसला.