दुकान सांभाळून गूगलवर दिसत राहायचं कसं

गिऱ्हाईक आधी फोनवर दुकान बघतं आणि मग पायात चप्पल घालतं. ज्याला आत्ता पाइपाचा एल्बो हवाय तो इन्स्टाग्राम चाळत बसत नाही. तो मॅपवर ‘हार्डवेअर’ टाइप करतो आणि जवळचं, उघडं, फोन लागणारं दुकान दिसेल तिकडे गाडी वळवतो. त्यामुळे काउंटरवर एकटं बसणाऱ्याने रोज रील टाकण्याच्या मागे लागू नये. आधी गूगलचं बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवर आणि मॅपवर दिसणारं आपल्या दुकानाचं पान, नीट करावं. ते मोफत आहे. सुरुवातीला दोनेक तास द्यावे लागतात, त्यानंतर आठवड्याला वीस मिनिटं पुरतात.

पहिली गोष्ट म्हणजे नाव. पाटीवर जे आहे तेच लिहा. ‘श्री गणेश हार्डवेअर’ असेल तर ‘श्री गणेश हार्डवेअर, स्वस्त पेंट, प्लंबिंग, कोथरूड’ असं लांबवू नका. हे नियमाविरुद्ध आहे आणि त्यापायी प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. मग ते परत मिळवायला अर्ज करा, कागद जोडा, वाट बघा, आणि तेवढे दिवस दुकान मॅपवरून गायब.

नावात घुसवायचे शब्द जातात ते प्रकारात (कॅटेगरी). एक मुख्य प्रकार आणि जास्तीचे नऊ देता येतात. मुख्य प्रकार असा निवडा ज्यातून गल्ला भरतो. मिठाईवाल्याने फरसाणही ठेवलं असेल, पण पेढे-बर्फीवर दुकान चालत असेल तर मुख्य प्रकार मिठाईचाच. नऊच्या नऊ भरायची गरज नाही, खरोखर करता तेवढेच द्या. वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे. त्यात काय मिळतं, काय दुरुस्त होतं, घरपोच देता का, आणि जवळची ठळक खूण कोणती, एवढं साध्या मराठीत लिहा.

वेळा भरताना सगळ्यात जास्त चुका होतात. दुपारी १ ते ४ दुकान बंद असतं, पण प्रोफाइलवर सरसकट ९ ते ९ लिहिलेलं असतं. अडीच वाजता उन्हातून आलेल्या माणसाला शटर दिसतं आणि तो तिथेच उभा राहून एक तारा देतो. एकाच दिवसाला दोन वेळा देण्याची सोय आहे: सकाळी ९ ते १, संध्याकाळी ४ ते ९. साप्ताहिक सुट्टीही भरा. गणेश विसर्जन, लक्ष्मीपूजन, पाडवा अशा दिवसांसाठी ‘विशेष वेळा’ वेगळ्या टाकता येतात. वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवून त्या एका बैठकीत भरून टाका, कारण सणाच्या गर्दीत हे काम होत नाही.

पिन, म्हणजे मॅपवरची दुकानाची खूण, तपासा. जुन्या पेठेत किंवा मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये पत्ता बरोबर असूनही पिन मागच्या बोळात पडते. मॅप मोठा करून ती दुकानाच्या दारावर आणा आणि दुसऱ्या कुणाच्या फोनवरून रस्ता लावून बघा. दुकान हलवलं तर नवं प्रोफाइल काढू नका. जुन्यातच पत्ता बदला, म्हणजे जुने अभिप्राय (रिव्ह्यू) सोबत येतात. घरून मोदक, पोळ्या करून किंवा ब्लाउज शिवून देत असाल तर घराचा पत्ता लपवून ठेवा आणि त्याऐवजी सेवा देण्याचे भाग लिहा. असे वीस भाग देता येतात.

दुकान खरं आणि तुमचंच आहे याच्या पडताळणीसाठी गूगल बऱ्याचदा व्हिडिओ मागतं. तो मध्ये न तोडता, सलग काढायचा असतो. रस्त्यावरून सुरुवात करा, शेजारची दुकानं किंवा चौकाची पाटी दिसू द्या, मग आपली पाटी, मग स्वतः कुलूप उघडताना किंवा गल्ल्यामागे जाताना दाखवा. हे महत्त्वाचं, कारण धंदा तुमच्या ताब्यात आहे हे त्यातून कळतं. बँक खात्याचे किंवा ओळखपत्राचे नंबर, लोकांचे चेहरे किंवा आतली खासगी माहिती यात घेऊ नका.

सुरुवातीला दहाएक फोटो पुरेत. त्यातले तीन बाहेरचे, समोरच्या फुटपाथवरून काढलेले, शटर पूर्ण वर आणि पाटी वाचता येईल असे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी काढा. स्कूटरवरून येणाऱ्याला दुकान त्याच कोनातून ओळखायचं असतं. बाकीचे आतले आणि मालाचे. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत फोटो लावू नका. गिऱ्हाईकांनी टाकलेले फोटो तुम्हाला काढता येत नाहीत, फक्त तक्रार करता येते. तेव्हा आपले चांगले फोटो भरपूर असलेले बरे.

अभिप्राय मागायची वेळ म्हणजे माल हातात देताना, समोरचा खूश असताना. प्रोफाइलमधून लिंक किंवा क्यूआर कोड मिळतो, तो छापून काउंटरवर ठेवा. मात्र पैशांच्या क्यूआरच्या शेजारी नको. लोक पैसे द्यायला भलताच कोड स्कॅन करतात आणि रांग खोळंबते. अभिप्रायाच्या बदल्यात सूट किंवा भेट देऊ नका, नातेवाइकांकडून खोटं कौतुकही लिहून घेऊ नका. दोन्ही नियमाबाहेर आहे आणि असे अभिप्राय काढून टाकले जातात. वाईट अभिप्रायाला एक-दोन दिवसांत उत्तर द्या: काय चुकलं ते मान्य करा, काय करणार ते सांगा, दुकानाचा नंबर द्या. वाद घालू नका. ते उत्तर पुढचं गिऱ्हाईक वाचणार आहे.

पुढची पायरी व्हॉट्सॲप बिझनेस, म्हणजे धंद्यासाठीचं वेगळं व्हॉट्सॲप. दुकानाचा नंबर घरच्यापासून वेगळा ठेवा. ‘किती वाजेपर्यंत उघडं?’, ‘घरपोच मिळेल का?’ अशा रोजच्या पाच-सहा प्रश्नांची उत्तरं ‘क्विक रिप्लाय’मध्ये साठवा. तिरपी रेघ (/) टाइप केली की ती पुढे येतात. बंद वेळेसाठी आपोआप जाणारा ‘अवे मेसेज’ लावा. कॅटलॉगमध्ये, म्हणजे तिथल्या मालाच्या यादीत, सतत विचारला जाणारा वीस-पंचवीस जिनसांचा माल पुरे, पण किंमत लिहा. ब्रॉडकास्ट लिस्टवरून सगळ्यांना एकगठ्ठा पाठवलेला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणून पिशवी देताना ‘नंबर सेव्ह करून ठेवा’ हे सांगायला विसरू नका.

आता ती वीस मिनिटं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आपलं दुकान गूगलवर शोधा. वेळ आणि फोन नंबर वाचा, कारण कुणीही बदल सुचवू शकतो आणि तुमच्या नकळत दुकान ‘कायमचे बंद’ दिसू शकतं. नव्या अभिप्रायांना उत्तरं द्या आणि आठवड्यात आलेल्या नव्या मालाचा एक फोटो टाका. महिन्यातून एकदा ‘कामगिरी’ उघडा. लोक कोणते शब्द टाइप करून तुमच्यापर्यंत आले हे तिथे दिसतं. ‘किल्ली बनवणे’ वारंवार येत असेल, तुम्ही ते करत असाल आणि वर्णनात नसेल, तर त्याच दिवशी लिहा.

प्रोफाइल पुतण्याच्या किंवा एजंटच्या ईमेलवर काढलेलं असेल तर मालकी आधी स्वतःच्या ईमेलवर घ्या आणि घरातल्या आणखी एकाला दुसरा मालक म्हणून जोडा. ‘गूगलमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर दुकान मॅपवरून काढू’ असा फोन आला तर ठेवून द्या. प्रोफाइलला पैसे लागत नाहीत, आणि पैसे देऊन मॅपच्या नेहमीच्या यादीत वरचा क्रमांकही विकत मिळत नाही. फोनवर आलेला ओटीपी कुणालाही सांगू नका.