'सडन' की 'सडनली'? अचानक घडलेलं इंग्रजीत कसं सांगायचं

लाइट गेली, पाहुणे टपकले, बॉसने मीटिंग लावली, लोकल दोन स्टेशनांच्या मध्येच थांबली... दिवसभरात "अचानक" हा शब्द आपण किती वेळा वापरतो याला काही हिशोबच नाही, आणि इंग्रजीत बोलायची वेळ आली की त्याच्या जागी डोळे झाकून "सडन" टाकतो. मग "पॉवर वेंट सडन", "ही केम सडन" असली वाक्यं तयार होतात. समोरच्याला कळतं बरं का, तो प्रश्न नाहीये, पण इंटरव्ह्यूमध्ये किंवा ऑफिसच्या मेलमध्ये हे चटकन खटकतं आणि सुधारायला अगदी थोडंसंच लक्ष द्यावं लागतं.

गडबड मुळात मराठीतून येते. आपला "अचानक" कुठेही बसतो. "अचानक पाऊस आला" यात तो "आला"बद्दल सांगतोय, "अचानक बदल झेपत नाही" यात "बदल"बद्दल, आणि शब्द मात्र जसाच्या तसा. इंग्रजीत या दोन कामांना दोन वेगळे शब्द आहेत, नामाबद्दल सांगायचं तर सडन आणि क्रियापदाबद्दल सांगायचं तर सडनली.

पायरी 1: आधी स्वतःला विचारा, अचानक काय?

उत्तर वस्तू किंवा घटना आली (बदल, आवाज, निर्णय, ब्रेक) तर सडन. उत्तर कृती आली (थांबली, ओरडला, निघून गेली) तर सडनली. म्हणून "द ट्रेन स्टॉप्ड सडनली", पण "द ट्रेन केम टू अ सडन स्टॉप". दोन्ही बरोबर, अर्थ तोच, फक्त दुसऱ्या वाक्यात "स्टॉप" हे नाम झालंय. ही एक जोडी पाठ करून ठेवली तरी निम्मं काम होतं असं माझं मत आहे.

पायरी 2: नामाच्या आधी बसवा, आणि मागचा "अ" गिळू नका

"देअर वॉज अ सडन पॉवर कट." "आय हर्ड अ सडन नॉइज." "देअर वॉज अ सडन ड्रॉप इन टेंपरेचर." मराठीत "अ", "द" हा प्रकारच नाही त्यामुळे आपण बोलताना तो हमखास खातो आणि "देअर वॉज सडन पॉवर कट" असं म्हणून मोकळे होतो. पण पावसाचं जरा वेगळं आहे, "रेन" मोजता येत नाही म्हणून नुसतं "सडन रेन" चालतं, सर म्हणायची असेल तर मात्र "अ सडन शॉवर".

नामाच्या आधीच बसलं पाहिजे असंही काही नाही, "वॉज"नंतरही चालतं. 8 नोव्हेंबर 2016 ची नोटबंदी आठवा, रात्री 8 वाजता टीव्हीवर घोषणा आणि मध्यरात्रीपासून 500 आणि 1000 च्या नोटा बाद. त्याबद्दल बोलताना "द अनाउन्समेंट वॉज व्हेरी सडन" हे एकदम फिट बसतं. "दे अनाउन्स्ड इट सडनली" पण चालेल. "दे अनाउन्स्ड इट सडन" नाही चालणार.

पायरी 3: सडन की अनएक्स्पेक्टेड?

इथे खरी मजा आहे आणि इथेच बऱ्यापैकी इंग्रजी येणारेसुद्धा घसरतात. सडन म्हणजे झटक्यात घडलेलं, त्यात वेग आहे. अनएक्स्पेक्टेड म्हणजे आपण धरून चाललो नव्हतो असं, मग ते हळूहळू का घडेना. मराठीत याला सोपी टेस्ट आहे. वाक्यात "एकाएकी" घालून बघा, जमलं तर सडन. "ध्यानीमनी नसताना" जास्त शोभत असेल तर अनएक्स्पेक्टेड.

पाहुण्यांचंच घ्या. मावशी रविवारी सकाळी न कळवता बॅगा घेऊन दारात उभी, ती "अनएक्स्पेक्टेड गेस्ट". "सडन गेस्ट" म्हटलं तर ती हवेतून प्रकट झाल्यासारखी वाटते. माणसाच्या मागे सडन सहसा लावतच नाहीत. महिन्याच्या शेवटी गाडीचा क्लच गेला आणि गॅरेजवाल्याने मोठा आकडा सांगितला, तो "अनएक्स्पेक्टेड एक्स्पेन्स". निकाल आपल्याला वाटला तसा लागला नाही तर "अनएक्स्पेक्टेड रिझल्ट", कारण निकालाची तारीख तर सगळ्यांना आधीच माहीत होती, त्यात एकाएकी काय. पुढच्या रिक्षावाल्याने हात न दाखवता करकचून ब्रेक मारला, ते मात्र "सडन ब्रेकिंग".

आणि "अनएक्स्पेक्टेड"च्या आधी "अ" नाही, "ॲन" लागतो. "ॲन अनएक्स्पेक्टेड गेस्ट".

पायरी 4: शेजारचे शब्द ओळखून ठेवा

अनफोरसीन हा कागदोपत्री शब्द, इन्शुरन्सच्या फॉर्मात आणि कार्यक्रम रद्द झाल्याच्या नोटिसीत "अनफोरसीन सर्कमस्टन्सेस" म्हणून भेटतो, मित्राशी बोलताना वापरला तर उगाच वकिली वाटते. अवकाळी पाऊस म्हणजे अनसीझनल रेन, तिथे सडन टाकलं तर मुद्दाच हरवतो कारण तक्रार वेळेची आहे, वेगाची नाही. श्रद्धांजलीच्या मेसेजमध्ये "सडन डिमाइज" आणि "अनटाइमली डिमाइज" दोन्ही दिसतात, पहिल्यात मृत्यू अचानक आला आणि दुसऱ्यात अकाली. नव्वदीतल्या, बरेच दिवस अंथरुणाला खिळलेल्या आजोबांसाठी यातलं काहीच लिहू नका, "वी आर सॉरी टू हिअर" एवढं पुरे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तो अनप्रेसिडेंटेड, म्हणजे आधी कधी न झालेला. हा शब्द हल्ली लोक कशालाही लावतात, ऑफिसची लिफ्ट बंद पडली तरी, पण ते सोडा.

फुटबॉलवाल्यांना "सडन डेथ" माहीत असेलच, पेनल्टीमध्ये पाच-पाच किक होऊनही बरोबरी राहिली की पुढच्या जोडीत एकाने मारली आणि दुसऱ्याची हुकली की खेळ तिथेच खल्लास. 2021 च्या युरोपा लीग फायनलमध्ये व्हियारेआलने मँचेस्टर युनायटेडला असंच 11-10 ने हरवलं, गोलकीपरनासुद्धा किक मारायला लागली होती. या अर्थाने हा ठरलेला शब्द आहे, तिथे अनएक्स्पेक्टेड वगैरे घुसवता येत नाही.

पायरी 5: "ऑल ऑफ अ सडन"

गोष्ट सांगताना हे फार कामाला येतं. "वी वर वॉचिंग द मॅच अँड ऑल ऑफ अ सडन द पॉवर वेंट आउट." चारही शब्द लागतात, आपल्याकडे सर्रास "ऑल ऑफ सडन" म्हणतात तसं नाही. अर्थ सडनलीचाच, त्यामुळे दोन्ही एका वाक्यात कोंबू नका. ऑफिसच्या मेलमध्ये हे टाळलेलंच बरं, जरा गप्पांच्या सुरातलं आहे.

पायरी 6: सुट्टीचा मेल लिहून बघा

सगळ्यात जास्त गरज इथेच पडते म्हणून सरावही याचाच करा. एकदम ताप भरला तर "ड्यू टू अ सडन फीवर" चालेल. पण "घरी अचानक काम निघालं" याचं "ड्यू टू सडन वर्क ॲट होम" करू नका, वाचणाऱ्याला काहीतरी विचित्र वाटतं. तिथे "समथिंग अर्जंट हॅज कम अप ॲट होम, सो आय वोंट बी एबल टू कम टुडे" असं लिहा. "कम अप"मध्ये अचानकपणा आधीच आलाय, वेगळा सडन टाकायची गरजच नाही, आणि बॉसही सहसा पुढे विचारत नाही की काम नेमकं कसलं.