गोळी सुटली नाही? या चुका टाळा

बोलताना आपण सगळ्यालाच ‘गोळी’ म्हणतो. बिघाड ओळखायचा तर काडतुसाचे चार भाग वेगळे धरावे लागतात: पितळी पुंगळी, प्रायमर (बंदुकीची पिन आपटली की ठिणगी टाकणारा भाग), दारू आणि टोकाची गोळी.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ट्रिगर ओढला, नुसतं ‘टक्’ झालं आणि लगेच बोल्ट (नळी मागून बंद करणारा भाग) उघडला. तो मिसफायर असेल, म्हणजे काडतूस पेटलंच नसेल, तर ठीक. हँगफायर असेल, तर प्रायमरने ठिणगी टाकलेली असते, दारू मात्र उशिरा पेट घेते. ती बोल्ट उघडल्यावर पेटली तर पुंगळीला चेंबरचा (नळीत काडतूस बसतं त्या जागेचा) आधार नसतो. ती फाटते आणि पितळेचे तुकडे तोंडावर येतात. म्हणून नळी टार्गेटकडेच ठेवा, बोट ट्रिगरवरून काढा, मोकळा हात वर करा आणि निदान 30 सेकंद थांबा. मनातल्या मनात मोजा. अंदाजाने थांबणाऱ्यांचे 30 सेकंद आठातच संपतात. मग मॅगझिन काढा आणि चेहरा बाजूला ठेवून बोल्ट सावकाश उघडा.

निघालेल्या .22 काडतुसाच्या कडेवरची पिनची खूण बघा (.22 मध्ये प्रायमरचं स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं). ती उथळ असेल तर पिन, स्प्रिंग, साचलेला मळ किंवा पूर्ण न बसलेला बोल्ट तपासा. खोल असेल तर बहुधा कडेच्या त्या जागी स्फोटक मिश्रणच पोचलेलं नाही. काडतूस फिरवून पुन्हा मारणारे बरेच असतात. एका काडतुसासाठी एवढा सोस कशाला? फुसक्या काडतुसांच्या पेटीत टाका.

आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) सामन्यात तर आपणच यंत्रणेला हात लावला, की तो बिघाड ग्राह्य धरत नाहीत.

दुसरी चूक बंदूकच निकामी करते. बार ‘फुस्’ झाला, धक्का जाणवला नाही, टार्गेटवर छिद्र नाही. याला स्क्विब म्हणतात. दारू कमी असते किंवा नसतेच. प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि तिथेच अडकते. ऑटोलोडिंग (पुढचं काडतूस स्वतःच चढवणाऱ्या) पिस्तुलात एवढ्या दाबाने बहुतेकदा स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे जात नाही, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप चढत नाही. पिस्तुलानेच केलेली ही मेहेरबानी घाईवाला नेमका उधळतो: रॅपिड फायरच्या नादात हाताने स्लाइड ओढतो आणि पुढचा बार काढतो. मागची गोळी अडकलेल्या गोळीवर आदळते, दाब कोंडतो, नळी फुगते किंवा फुटते. ‘ठोका, ओढा, झाडा’ (मॅगझिन ठोका, स्लाइड ओढा, गोळी झाडा) हे रेंजवर कशासाठी शिकवतात, हे कोडंच आहे.

आवाज वेगळा वाटला की थांबायचं. शस्त्र रिकामं करून, उघडून चेंबरच्या बाजूने नळीत उजेड दिसतो का ते पाहा. पुढून डोळा लावू नका. उजेड अडला तर पितळी सळई आणि माहितगार माणूस हवा. दुसऱ्या गोळीने पहिली ढकलायची कल्पना डोक्यातून काढा.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या. साफसफाईनंतर चेंबरमध्ये तेल तसंच राहू देणं. अडलेला बोल्ट तळहाताने ठोकून बसवणं. फुसकं काडतूस खिशात किंवा कचऱ्यात टाकणं, नाहीतर तेलात बुडवून ‘मेलं’ समजणं. ते तसं खात्रीने मरत नाही. .22 वर रिकामे ट्रिगर मारत बसणं: पुष्कळ बंदुकांत पिन चेंबरच्या कडेवर आपटून ती ठेचली जाते आणि नंतरच्या मिसफायरचा दोष काडतुसांवर येतो.

डब्यावरचा लॉट नंबर लिहून ठेवा. एका डब्यातून एक स्क्विब निघाला तरी तो डबा त्या दिवशी पुन्हा उघडू नका.