सार्वकालिक जीवन समजून घ्यायचंय? मग सुरुवात कुठून करायची ते सांगते

आईच्या दफनाला तीन दिवस झाले होते. आमच्या कोपरीच्या बिल्डिंगमधल्या शेजारच्या आजी पोळीभाजीचा डबा घेऊन आल्या, माझ्याजवळ बसल्या आणि हळूच विचारलं, तुमच्यात काय मानतात गं, आई आता कुठे असेल? मी पटकन म्हटलं, स्वर्गात, देवाजवळ. आजी म्हणाल्या, बरोबर आहे, पुण्यवान बाई होती, राहील तिकडे सुखात बरीच वर्षं, मग येईल परत चांगल्या घरी जन्माला. त्यांनी इतक्या मायेने म्हटलं की मी नुसती मान हलवली, पण रात्री झोप लागेना, कारण मी इतकी वर्षं संडे स्कूलला शिकवते आणि साध्या प्रश्नाला मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. त्यानंतर सात-आठ महिने मी एवढंच वाचत होते. ज्यांना हा विषय स्वतःसाठी किंवा शिकवायला समजून घ्यायचाय त्यांच्यासाठी ज्या क्रमाने मला तो उलगडला त्याच क्रमाने लिहिते.

पहिलं काम म्हणजे 'स्वर्ग' हा शब्द थोडे दिवस बाजूला ठेवा. आपण मराठी माणसं, कुठल्याही धर्माची असू, हा शब्द ऐकला की डोक्यात एक चित्र येतंच, की पुण्य साठवायचं, ते असेपर्यंत वर राहायचं आणि संपलं की खाली. गीतेच्या नवव्या अध्यायात हे सरळ सांगितलंय आणि त्या विचाराला स्वतःची जागा आहे, पण ख्रिस्ती शिकवण वेगळी आहे आणि दोन्ही एका भांड्यात घातली की दोन्ही कळत नाहीत. बायबलमधला शब्द 'सार्वकालिक जीवन', कॅथलिक लोक 'शाश्वत जीवन'पण म्हणतात. एका कोऱ्या पानावर या शब्दाचा अर्थ आज तुम्हाला काय वाटतो ते चार ओळीत लिहा आणि तारीख टाका. माझ्या पानावर होतं 'मेल्यानंतर कधीच न संपणारं आयुष्य'. यातला 'मेल्यानंतर' शब्द मला नंतर खोडावा लागला.

आता बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान, म्हणजे योहानाने सांगितलेली येशूच्या जीवनाची गोष्ट, घ्या. प्रकटीकरणापासून, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकापासून, सुरू करू नका, सगळे तीच चूक करतात, मोत्यांच्या वेशी आणि सोन्याचा रस्ता वाचून दमतात. मी ठाणे-वाशी लोकलमध्ये वाचायचे, खिडकी मिळाली तर ऐरोली येईपर्यंत एक अध्याय सहज होतो. हातात पेन्सिल ठेवा आणि 'जीवन' शब्द आला की वाक्याचा काळ बघा, मिळेल लिहिलंय की मिळालंय. ५:२४ ला, म्हणजे पाचव्या अध्यायाच्या चोविसाव्या वचनाला, आलात की थांबा. तिथे येशू म्हणतो, जो माझं वचन ऐकतो आणि मला पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवतो त्याला सार्वकालिक जीवन 'प्राप्त झाले आहे', तो मरणातून जीवनात 'पार गेला आहे'. पुढे कधीतरी जाईल असं नाही, गेला आहे. हे वचन मला लहानपणापासून पाठ होतं आणि त्यातल्या 'आहे'कडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

मग सरळ १७:३ वर जा, कारण सार्वकालिक जीवन म्हणजे काय हे तिथे येशूनेच सांगितलंय, वधस्तंभाच्या आदल्या रात्री पित्याशी प्रार्थनेत बोलताना. तो म्हणतो की एकच खरा देव जो तू, त्या तुला आणि तू पाठवलेल्या येशू ख्रिस्ताला त्यांनी 'ओळखावे', हेच ते. किती वर्षं, कुठल्या जागी, काहीच नाही, फक्त ओळख. आणि ओळख म्हणजे माहिती नाही, आपल्या भाषेत हा फरक छान आहे बघा, शेजाऱ्याची माहिती सोसायटीच्या रजिस्टरमध्ये असते, ओळख असली की डबा येतो. ती आज सुरू होते, वाढते आणि मरणाने तुटत नाही, कारण ज्याच्याशी ओळख आहे तो मरणातून उठलेला आहे. माझ्या मते सगळा विषय इथे आहे, बाकीचं यातूनच निघतं.

अकरावा अध्याय घाईत वाचू नका. लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेत, मार्था गावाबाहेर येऊन येशूला गाठते आणि शेवटच्या दिवशी माझा भाऊ उठेल हे मला माहीत आहे म्हणते. तिचं उत्तर अगदी बरोबर आहे, परीक्षेत पूर्ण मार्क मिळतील. पण येशू तिला 'शेवटच्या दिवसा'वरून स्वतःकडे वळवतो, 'पुनरुत्थान व जीवन मीच आहे'. आणि हे म्हणून झाल्यावर, दहा मिनिटांत लाजर बाहेर येणार हे माहीत असूनसुद्धा, तो रडतो. हे मी पुढे परत सांगणार आहे.

आता चौदावा. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण आईच्या बायबलमध्ये तिथे एसटीचं जुनं तिकीट खूण म्हणून होतं. शेवटच्या आठवड्यात ती मला हाच अध्याय वाचायला लावायची आणि 'माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत' इथे आले की हात वर करून थांबवायची. लग्न होऊन ती कळव्याच्या चाळीत आली तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं होती, रात्री मोरीच्या कडेला अंथरूण टाकून झोपायची. ती म्हणायची, जागा पुष्कळ, ऐकलंस का, पुष्कळ.

मी नंतर शोधलं तर कळलं की या 'राहण्याच्या जागा'साठी ग्रीकमध्ये 'मोने' शब्द आहे आणि तो अख्ख्या नव्या करारात फक्त दोनदा येतो. एकदा इथे, आणि दुसऱ्यांदा याच अध्यायात तेविसाव्या वचनात, जिथे येशू म्हणतो की जो माझ्यावर प्रीती करतो त्याच्याकडे पिता आणि मी येऊन राहू. म्हणजे तो आपल्यासाठी तिकडे जागा तयार करतोय आणि त्याच वेळी आपल्याकडे राहायला येतोय, शब्द एकच. या दोन वचनांना पेन्सिलने रेघ ओढून जोडा.

इथे प्रश्न येतो की मग हे मिळवायचं कसं. बायबलमध्ये एका श्रीमंत माणसाने येशूला हेच विचारलंय (मार्क १०), सार्वकालिक जीवन मिळावं म्हणून मी काय करू. आज्ञा तो लहानपणापासून पाळत होता, येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली आणि ज्या एका गोष्टीत त्याचा जीव अडकला होता तीच सोडून माझ्यामागे ये म्हटलं, आणि तो खिन्न होऊन गेला. त्याच्या शेजारी लूक २३ मधला, येशूच्या बाजूला वधस्तंभावर असलेला चोर ठेवा. हातपाय खिळलेले, चांगलं काम करायला वेळ नाही, बाप्तिस्मा नाही, फक्त माझी आठवण ठेव म्हणतो, आणि उत्तर मिळतं, 'तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील'. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात (रोम ६:२३) प्रेषित पौल सार्वकालिक जीवनाला देवाचं दान म्हणतो, मजुरीचा शब्द त्याने पापासाठी वापरलाय, पापाची मजुरी मरण. पण म्हणून कृतीला अर्थ नाही असं समजू नका, मत्तय २५ मध्ये भुकेल्याला जेवू घातलं का, आजाऱ्याला भेटलात का हेच विचारलंय. जिथे खरी ओळख आहे तिथे वागणं बदलतंच.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शिकवणीतला फरकही माहीत असू द्या, वाद घालायला नाही, घरोघरी मिश्र लग्नं असतात म्हणून. देवाच्या कृपेत मेलेल्या पण अजून पूर्ण शुद्ध न झालेल्या आत्म्यांसाठी कॅथलिक चर्च शुद्धिस्थान मानतं आणि २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना करतं, आम्ही प्रोटेस्टंट ते मानत नाही. देवाला समोरासमोर पाहणं हेच स्वर्गाचं सुख, असं पोप बेनेडिक्ट बारावा यांनी १३३६ मध्ये ठरवून सांगितलं, आणि त्याला मीही आमेन म्हणेन.

पुढचा भाग बऱ्याच जणांचा राहून जातो. मेल्यावर आत्मा देवाजवळ गेला की गोष्ट संपली असं वाटतं, पण ती तिथे संपत नाही. पौल फिलिप्पैच्या पत्रात म्हणतो की इथून निघून ख्रिस्ताजवळ असणं फार चांगलं, हा एक टप्पा. दुसरा टप्पा शरीराच्या पुनरुत्थानाचा, त्यासाठी १ करिंथ १५ वाचा. तिथे पौल दाण्याचं उदाहरण देतो, जे पेरतो तेच तसंच उगवत नाही पण दुसरंही काही उगवत नाही. ज्यांनी मुरबाड-शहापूरकडे भाताची रोपं पाहिलीत त्यांना हे वेगळं समजवायला नको. आणि मग प्रकटीकरण २१, आता ते वाचा. तिथे माणसं वर जात नाहीत, नगरी खाली उतरते, नवं आकाश आणि नवी पृथ्वी होते आणि देव माणसांमध्ये वस्ती करतो. चर्चमध्ये आपण म्हणतो तो नायसियाचा विश्वासांगिकार, म्हणजे विश्वासाची कबुली, ३२५ मध्ये ठरला आणि ३८१ मध्ये पूर्ण झाला, त्याचा शेवटही मृतांचं पुनरुत्थान आणि येणाऱ्या युगातलं जीवन यावरच आहे.

हे आपल्या ठाण्यात बसून समजून घ्यायचं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. एप्रिल १३२१ मध्ये इथे, ठाण्यात, चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले, साधू विश्वासासाठी मारले गेले, तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. थोड्या वर्षांनी ओडोरिक नावाचा साधू आला आणि त्यांची हाडं बरोबर घेऊन समुद्रमार्गे पार चीनपर्यंत गेला. शरीर म्हणजे टाकून दिलेलं जुनं कापड असतं तर एवढ्या लांब हाडं कोण सांभाळून नेईल? ती उठणार आहेत असं त्याला वाटत असणार. मी मुलांना मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर बसवून हे सांगते, वर्गात सांगितलं तर विसरतात.

मुलं विचारतात तिकडे एकमेकांना ओळखू का. माझं उत्तर हो, उठलेल्या येशूला जखमांच्या खुणा होत्या, त्याने भाजलेला मासा खाल्ला आणि मग्दालिया मरीयेने नुसत्या नावाच्या हाकेवरून त्याला ओळखलं. लग्न नसेल हे येशूने सांगितलंय. पाळलेल्या कुत्र्याचं विचारलं तर रोम ८ वाचून दाखवते की सगळी सृष्टी सुटकेची वाट बघतेय आणि तिथेच थांबते, आपल्या मनाचं जोडून सांगू नका.

आणि मयताच्या घरी गेलात तर यातलं काहीच शिकवायला बसू नका. देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात असं तर अजिबात म्हणू नका, मला दफनाच्या दिवशी तीन जणांनी ते म्हटलं आणि प्रत्येक वेळी देव मला चोरासारखा वाटला. येशू आधी रडला हे आठवा. चहा करा, भांडी घासा, बसून राहा, विचारलं तर एखादं वचन वाचा, लांब प्रार्थना नको. 'प्रभूत झोपी गेले' हा आपला शब्द फार चांगला आहे, योहान ११ मध्ये येशूने लाजरासाठी तोच वापरलाय, आणि सिमेट्री शब्दाचा मूळ ग्रीक अर्थसुद्धा झोपायची जागा असाच आहे.

वर्षश्राद्धाला तुमच्यात काय करतात हे विचारायला आजी परत आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, आजी, त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं होतं. आई परत जन्माला येणार नाही असं आम्ही मानतो, ती आता प्रभूजवळ आहे आणि एक दिवस हीच आई उठेल, गुडघे न दुखता. आणि तिचं हे जीवन हॉस्पिटलमध्ये सुरू नाही झालं, ती चाळीत अंथरुणावर बसून प्रार्थना करायची तेव्हाच सुरू झालं होतं. आजी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ती जागेचं काहीतरी वाचायला लावायची ना तुला, भिंतीपलीकडून ऐकू यायचं, ते वाच. मी आईचं बायबल आणलं, तिकीट काढून आजींच्या हातात दिलं आणि पहिल्या वचनापासून तेविसाव्यापर्यंत वाचलं.