‘सर्वानुमते’ लिहिण्याआधी आकड्याची फोड मागा

सातपूरच्या एका वाहनभाग कारखान्यात मी नियोजन विभागात रुजू झालो, तेव्हा ग्राहक, विक्री, उत्पादन आणि खरेदी यांनी एकत्र बसून एक आकडा मान्य केला की संयुक्त नियोजन झाले, अशी माझी समजूत होती. फर्म म्हणजे ग्राहकाचे पक्के शेड्यूल आणि टेन्टेटिव्ह म्हणजे बदलू शकणारे अंदाजी शेड्यूल, हा फरक तुम्हाला ठाऊक आहे असे धरतो. तो मलाही ठाऊक होता आणि तरीही मी फसलो.

ग्राहकाने पत्रा दाबून केलेल्या एका भागाचे, ब्रॅकेटचे, १०,००० नग दोन महिन्यांनंतरसाठी टेन्टेटिव्ह कळवले होते. ऐन वेळी वाढवून मागतात, म्हणून विक्रीने १० टक्के चढवून ११,००० केले. रिजेक्शनपोटी, म्हणजे तपासणीत नापास होणाऱ्या नगांसाठी, उत्पादनाने ५ टक्के धरले, ते झाले ११,५५०. पत्रा वेळेवर येत नाही म्हणून खरेदीने आणखी १० टक्के वाढवले आणि आकडा १२,७०५ वर गेला. त्यात प्रत्येकाची सोय असल्यामुळे कोणीच हरकत घेतली नाही, आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते १२,७०५’ एवढेच लिहून मी मोकळा झालो. कोणी किती आणि कशासाठी चढवले, याची फोड मी कुठेही नोंदवली नाही. फर्म शेड्यूल ८,२०० चे आले, तेव्हा डाय (साचा) पुन्हा चढवायला नको म्हणून प्रेस शॉपने, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या विभागाने, सगळा पत्रा एकाच सेटिंगमध्ये मारून ठेवलेला होता. काय कमी करायचे, हे विचारल्यावर जादा माल दुसऱ्याचाच आहे असे प्रत्येक जण सांगू लागला. उरलेल्या चार हजारांच्या आसपास नगांवर पावसाळ्यात गंज चढला आणि खुलासा मात्र माझ्याकडे मागितला गेला.

हा प्रकार जुना आहे. पुरवठ्याच्या साखळीत ग्राहकापासून मागे जावे तशी मागणीतली चढउतार फुगत जाते, हे एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये मांडले होते. १९९७ मध्ये संशोधक हाऊ ली आणि सहकाऱ्यांनी त्याची चार कारणे दिली: अंदाजावर रचलेला अंदाज, एकगठ्ठा ऑर्डर, किमतींतील बदल आणि टंचाईच्या भीतीने फुगवलेली मागणी. त्यांतली तीन आमच्या त्या एका ओळीत होती, कारण आदल्या वर्षी आम्ही माल उशिरा दिल्यामुळे ग्राहकाच्या प्लॅनरनेही मुळातच थोडे वाढवून सांगितले होते, हे मला फार उशिरा कळले.

म्हणून मूळ मागणी एका रकान्यात ठेवा आणि प्रत्येक वाढ तिच्या शेजारी, कोणी घातली, कशासाठी घातली आणि कोणत्या तारखेला ती काढायची यासह लिहा. राखीव साठा शक्यतो एकाच जागी, आणि तोही तयार भागाऐवजी पत्र्याच्या रूपात ठेवा. पत्रा दुसऱ्या भागाला वापरता येतो, दाबलेला ब्रॅकेट नाही. शेड्यूल गोठवण्याची, म्हणजे ज्यानंतर आकडा बदलायचा नाही ती, तारीखही बैठकीतच ठरवा. निफाडकडच्या द्राक्ष बागायतदाराला हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण फळासाठीची गोडी छाटणी झाली की चारएक महिन्यांनी माल येणारच, आणि तो कोणाला द्यायचा याचा विचार त्याला कात्री लावण्याआधी करावा लागतो.

महागडे सॉफ्टवेअर घेतले की हे आपोआप सुटते, असे सांगणाऱ्या सल्लागारावर माझा विश्वास नाही. त्यातही आकडा माणूसच भरतो. प्रमाणपत्राच्या क्लासपेक्षा स्टोअरमधल्या जुन्या माणसाजवळ महिनाभर उभे राहा, कोणता माल का पडून आहे हे त्याला तोंडपाठ असते. फोड मागितली की सुरुवातीला लोक चिडतात, आणि नवख्यावर जास्तच चिडतात. ते मनाला लावून घेऊ नका. दोन-तीन बैठकांत आवाज खाली येतात. मला मात्र पहिल्या वर्षी तेवढे धाडस झाले नाही, आणि ते अजून सलते.

आता मी ग्राहकाच्या प्लॅनरला दर महिन्याला आमचा खरा साठा आणि रिजेक्शन कळवतो. गेल्या खेपेला त्यानेच फोन करून सांगितले, की दहा हजारांतले सातशे त्याने स्वतःच्या धास्तीने घातले आहेत, ते धरू नका.