इंग्रजी शब्द नाम की क्रियापद? या चुका टाळा

मराठीत बोलताना आपण इंग्रजी शब्दाला ‘करणे’ जोडतो आणि मोकळे होतो. रेकॉर्ड करणे, डिस्कस करणे, ॲडव्हाइस करणे. मूळ शब्द नाम होता की क्रियापद, याचा विचार करायची वेळच येत नाही. इंग्रजीत शिरलं की हा ‘करणे’ साथ सोडतो आणि घोळ तिथेच सुरू होतो.

‘लेट अस डिस्कस अबाउट धिस’ हे तर रोज कानावर पडतं. मनात ‘याबद्दल चर्चा करू’ असतं, त्यातला ‘बद्दल’ अबाउट होऊन येतो. पण डिस्कस या क्रियापदात ‘बद्दल’ आधीच मुरलेला आहे. अबाउट हवाच असेल तर नाम घ्या: ‘अ डिस्कशन अबाउट धिस’. तसंच ‘आय रिक्वेस्टेड अ कॉपी’, पण ‘माय रिक्वेस्ट फॉर अ कॉपी’. ‘आन्सर द क्वेश्चन’, पण ‘द आन्सर टू द क्वेश्चन’. सगळीकडे हे चालत नाही म्हणा. टॉक आणि कम्प्लेन यांना क्रियापद असतानाही अबाउट लागतो.

ॲडव्हाइसमध्ये स्पेलिंगही बदलतं. नामात ‘सी’ आणि शेवटी ‘स’चा उच्चार, क्रियापदात ‘एस’ आणि शेवटी ‘झ’चा. शिवाय हे नाम मोजता येत नाही, म्हणून ‘ॲन ॲडव्हाइस’ नको, ‘सम ॲडव्हाइस’ म्हणा. यूज आणि हाउस यांचं स्पेलिंग तेच राहतं, ‘स’चा ‘झ’ मात्र होतो.

रेकॉर्ड, परमिट, इम्पोर्ट, ऑब्जेक्ट यांत जोर सरकतो. नाम असेल तर शब्दाच्या पहिल्या अवयवावर (सिलॅबलवर), क्रियापद असेल तर दुसऱ्यावर: ‘अ रेकॉर्ड’, पण ‘टू रिकॉर्ड’. मराठीत दोन्हीकडे आपण एकच उच्चार करतो, त्यामुळे हा फरक कानाला सवयीचा नसतो. रिपोर्ट आणि व्हिजिट यांत जोर हलत नाही, तिथे उगाच हलवू नका.

आता ‘ही डिड नॉट वेंट’. याचं मूळही मराठीतच आहे. ‘तो गेला नाही’ म्हणताना भूतकाळ ‘गेला’वर असतो, म्हणून वेंट तोंडात येतं. इंग्रजीत तो भार डिडने एकदा उचलला की मूळ रूप कोरंच राहतं: ‘डिड नॉट गो’. प्रश्नातही ‘डिड ही गो?’

रूपांमध्ये सगळ्यात कपटी जोडी लाय आणि ले यांची. आडवं होणं म्हणजे लाय, त्याचा भूतकाळ ले. आणि काहीतरी ठेवणं म्हणजेही ले, त्याचा भूतकाळ लेड. म्हणजे ‘आय ले डाउन’ म्हणजे मी आडवा झालो, आणि ‘आय लेड द बुक डाउन’ म्हणजे पुस्तक ठेवलं. यात इंग्रजी मातृभाषा असलेलेही हमखास चुकतात, तेव्हा फार लाजू नका. फाउंडचंही असंच: फाइंडचा भूतकाळ फाउंड, पण संस्था स्थापन झाली तर ती ‘वॉज फाउंडेड’.

राहिला ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’. टू दिसला की पुढे मूळ क्रियापद, असं पाठ झालेलं असतं. टूनंतर एखादं नाम ठेवून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू द ट्रिप’ जमतं, म्हणून इथे ‘मीटिंग यू’. ‘वाँट टू द ट्रिप’ जमत नाही, म्हणून तिथे ‘वाँट टू मीट’.