शातोनफ-द्यु-पाप पिताना ही पापं करू नका

शातोनफ-द्यु-पाप ही दक्षिण फ्रान्समधली वाइन, आधी तिच्या नावाचं बघू. यातलं ‘पाप’ म्हणजे पोप. १३०९ ते १३७७ पोप लोक रोम सोडून आव्हिन्योंला राहत होते, तेव्हा त्यांच्यातल्या एकाने जवळच्या या गावात उन्हाळ्यासाठी किल्ला बांधला, म्हणून पोपचा नवा किल्ला, शातोनफ-द्यु-पाप. आता किल्ल्याच्या थोड्या भिंती उरल्यात आणि चहूबाजूंनी द्राक्षाचे मळे. मी ल्योंला राहते, तिथून गाडीने दोन-सव्वादोन तास, त्यामुळे पुण्याहून कोणी आलं की “तुझ्या त्या वाइनच्या गावाला ने की” हे ठरलेलं, आणि मग दर वेळी त्याच त्या चुका बघणं पण ठरलेलं.

सगळ्यात मोठं पाप म्हणजे ‘रूम टेंपरेचर’. हे कोणी आणि कधी आपल्या डोक्यात भरवलं माहीत नाही पण निघता निघत नाही. अहो, ती रूम जुन्या फ्रेंच दगडी घरातली, हिटर नसलेली, १६-१८ अंशाची! तुमचा मे महिन्यातला हॉल नव्हे. या वाइनमध्ये अल्कोहोल आधीच साडेचौदा-पंधरा टक्के, ती गरम झाली की नाकात नुसता स्पिरिटचा भपका बसतो, फळ-बिळ काही कळत नाही.

माझ्या आतेभावाला मी इथल्या एका घरगुती मळ्यातली बाटली नेऊन दिली होती (भारतात येताना दोन लिटर चालतं, म्हणजे दोन बाटल्या आरामात, त्यातली एक याला). दादाने ती कुठे ठेवावी? हॉलच्या शोकेसमध्ये, उभी, वर पिवळा दिवा, शेजारी ताजमहाल. चौदा महिने! मी पुढच्या मे मध्ये गेले तेव्हा मोठ्या कौतुकाने काढली, बघते तर कॉर्क वर सरकलेला आणि फॉइलखाली चिकट डाग. म्हटलं दादा, उघडायचीच आहे तर निदान अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव, तर म्हणतो, “रेड वाइन फ्रिजमध्ये ठेवत नाहीत, एवढं पण माहीत नाही तुला? फ्रान्सला राहतेस ना?” मग काय, ओतली. वास शिजवलेल्या मनुकांचा, चव त्याहून वाईट. दादा ग्लास ठेवून म्हणाला, “यापेक्षा आपली नाशिकची बरी.” आणि त्या दिवशी त्याचं बरोबर होतं हो, तेच जास्त लागलं.

तर माझी सवय सांगते. बाटली आडवी, अंधारात, घरातल्या सगळ्यात थंड कपाटात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात सरळ फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात. फ्रिजमधून प्यायच्या आधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढायची. विसरलात आणि बाटली गरमच आहे तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून पंधरा मिनिटं, नुसत्या बर्फात बाटली लवकर गार होत नाही. ग्लासमध्ये बर्फ टाकणाऱ्याशी मी बोलत नाही.

दुसरं पाप, मळ्यावर जाऊन सगळं गिळणं. थुंकायला तिथे भांडं ठेवलेलं असतं, आपली पिकदाणीच समजा, पण आपल्या लोकांना वाटतं थुंकलं तर अपमान होईल, किंवा (खरं कारण) फुकटची कशाला थुंकायची. एकदा एका मित्राला नेलं. मळा एकाच कुटुंबाचा, चौथी पिढी, मालकीणबाई स्वतः ओतत होत्या. याने दोन व्हाइट, पाच रेड, सगळ्या पोटात घातल्या, तेही ‘चिअर्स’ करून एका घोटात. मी आजोबांनी लावलेल्या वेलींबद्दल विचारत बसले होते, बाई खूश झाल्या आणि आत जाऊन एक बिनलेबलची, वीसेक वर्षांची बाटली घेऊन आल्या, जी त्या कोणाला विकत पण नाहीत. मी वास घेऊन गप्पच झाले, सुकलेलं अंजीर, मिरी, पावसानंतरची माती, एकामागून एक येतच होतं. मित्राने एका दमात संपवली आणि म्हणाला, “सेम सेम.” तेवढं इंग्लिश त्यांना येत होतं. वर “डिस्काउंट मिळेल का?” मी लाजेने तीन बाटल्या घेतल्या.

पिताना घाई नको, एवढंच खरं तर. ग्लास एक तृतीयांश भरा, आधी न हलवता वास घ्या, मग गोल फिरवून परत घ्या, छोटा घोट घेऊन बशीतला चहा फुरकतो तसा थोडा वारा आत ओढा. लाज वाटत असेल तर घरी प्रॅक्टिस करा. हिरड्यांना सुपारी चघळल्यासारखं आवळल्यागत होतं ते टॅनिन, त्याला ‘कडू आहे’ म्हणून मोकळे होऊ नका. आणि तोच ग्लास तासभर पुरवा, शेवटचा घोट पहिल्यापेक्षा वेगळा लागतो की नाही बघा. पहिला घोट घ्यायच्या आधी ॲपवर स्कॅन करून मार्क बघणाऱ्यांनी मग मार्कच प्यावेत.

‘तेरा द्राक्षांची वाइन’ हे पण सगळ्यांना कुठून तरी कळलेलं असतं. नियमात तेरा जातींना परवानगी आहे, सगळ्या घालायची सक्ती नाही. बोकास्तेल हा पेरँ कुटुंबाचा मळा तेराच्या तेरा लावतो, आणि रायास या मळ्याची रेड ग्रनाश या एकाच जातीच्या द्राक्षाची असते. मळ्यातले गुळगुळीत गोटे दिवसा तापतात, रात्री वेलींना ऊब देतात, ही गोष्ट गाइड रंगवून सांगतात, पण रायासची जमीन वाळूची आहे, आणि तिथली बाटली परवडायला किडनी विकावी लागेल. तेव्हा गोट्यांचे फोटो काढा, वाइनची परीक्षा त्यावरून करू नका.

बाकी भराभर सांगते. बाटलीवर काचेतच उठवलेल्या किल्ल्या आणि पोपचा मुकुट दिसला म्हणजे वाइन भारी, असं नाही. लेबलवर ‘मीझाँ बुतेय ओ दोमेन’ किंवा ‘ओ शातो’ बघा, म्हणजे मळ्यावरच भरलेली. पावसाळ्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर कॉर्क बिघडलाय, डिकँट करून (म्हणजे दुसऱ्या भांड्यात ओतून हवा लावून) तो वास जाणार नाही. तळाला गाळ म्हणजे भेसळ नव्हे, आदल्या दिवशी बाटली उभी करा, हळू ओता. जुनी बाटली तीन-तीन तास डिकँटरमध्ये ठेवू नका, ग्रनाश हवेत लवकर दमते. अत्तर लावून जाऊ नका. फोन न करता जाऊ नका, बारा ते दोन जेवायची वेळ, आणि सप्टेंबरात तोडणी चालू असते, तेव्हा तर नकोच.

आणि तांबड्या रश्श्याबरोबर ही वाइन नको, हात जोडते. तिखटावर पंधरा टक्के अल्कोहोल म्हणजे आगीत तेल, रस्सा पण वाया, वाइन पण. कमी तिखटाचं सुकं मटण चालेल. दादाला हे सांगितलंय, या दिवाळीला त्याच्याकडे दुसरी बाटली नेतेय. शोकेसची किल्ली आधी वहिनीकडून काढून घेणार आहे.